आईचा नवा शिकाऊ

पैज लागली ती रविवारी दुपारी, आमच्या इमारतीच्या जिन्यात, आणि तिचं मूळ प्रार्थनेत होतं. म्हणजे प्रार्थनेच्या लांबीत.

दुसऱ्या मजल्यावर अर्जसाहेब राहतात. जन्म गेला हेडक्लार्कीत. रिटायर झाले, बायको गेली, मुलं लांब. राहिलं काय, तर चर्चमधली पहिल्या बाकावरची जागा आणि उपासनेच्या शेवटची प्रार्थना. अर्जसाहेब हे नाव मी ठेवलेलं. कारण बाकी माणसं देवाशी बोलतात, हे देवाला अर्ज करतात. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वसाक्षी परमेश्वरा, मागील रविवारी केलेल्या विनंतीस अनुसरून तुझ्या चरणी सविनय सादर करण्यात येते की..." असं सुरू झालं की मंडळी पायावर पाय बदलतात. त्यात आपण आठवडाभरात कोणाकोणासाठी काय काय केलं, तेही देवाच्या माहितीसाठी जोडलेलं असतं. देवाच्या आणि आमच्या.

त्या रविवारी तेवीस मिनिटं झाली. मी घड्याळ लावून मोजली. घरी येईस्तोवर सगळ्यांची जेवणं गार.

जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या शिंपीदादाने तोंड उघडलं, "साहेब, आज जरा लांबली."

"देवासमोर घाई कसली?" अर्जसाहेब म्हणाले.

"देवाला नाही हो," मी म्हणालो, "पण देवाने एव्हाना दोनदा 'मिळाले' म्हणून सही केली असेल."

अर्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तळमजल्यावरचा किल्लीवाला. कोपऱ्यावर माझी टपरी आहे, किल्ल्या कापतो, कुलपं उघडून देतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. पन्नाशी उलटली तरी सवय जात नाही.

"तुला प्रार्थनेतलं काय कळतं रे? मी करतो ती सेवा आहे. पाळकसाहेबांनी आज सांगितलं ते ऐकलंस ना? गुपचूप चांगलं करा."

"तेच म्हणतो मी. तुम्ही चांगलं करता, पण गुपचूप नाही करता येत तुम्हाला. पोट फुटेल तुमचं."

"मला?"

"लावा पैज. आठ दिवस. रोज एक चांगलं काम करायचं आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. पुढच्या रविवारपर्यंत तोंडातून एक अक्षर निघालं, की हरलात."

"आणि हरलो तर?"

"तर वर्षभर चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना बंद. नुसतं आमेन."

शिंपीदादाच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला वाटलं, हा आत्ताच आमेन म्हणतोय. अर्जसाहेब मात्र पांढरे पडले. त्या प्रार्थनेवर माणूस आठवडा काढतो, हे मलाही माहीत होतं. म्हणून तर तिथे बोट ठेवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण एक अट. आठव्या दिवशी, उपासना संपल्यावर, मला यादी वाचून दाखवायची मुभा हवी. तारीखवार."

"मंडळींसमोर वाचा! मजा येईल."

"आणि तू हरलास तर?"

मी काहीतरी फालतू सांगणार होतो, तेवढ्यात शिंपीदादा मध्ये पडला. पंचवीस वर्षं शेजारी आहे, कुठे टाचणी टोचायची ते त्याला बरोबर कळतं. "हा हरला तर याने पुढे उभं राहून प्रार्थना करायची. मोठ्याने. आणि थट्टा नाही."

माझं हसू जरा आखडलं. पण जिन्यात तोपर्यंत चार बायका जमल्या होत्या. माघार कशी घेणार? लावली पैज.

आता माझी अडचण सांगतो. बाबा आजारी होते तेव्हा मी एकदाच देवाकडे मनापासून काहीतरी मागितलं होतं, आणि उत्तर आलं नाही. तेव्हापासून देवाशी माझा संबंध फक्त थट्टेचा. चर्चला जातो, गाणी म्हणतो, शेवटच्या बाकावर बसून पाळकसाहेबांची नक्कल करतो. प्रार्थना करत नाही.

आणि घरात आई आहे. ती मोठ्या दवाखान्यात वॉर्डची मुख्य सिस्टर होती. आता पाय चालत नाहीत आणि डोकं कधी चालतं, कधी नाही. चाललं तर मी तिचा मुलगा असतो, नाही तर मी वॉर्डबॉय. पण एक गोष्ट ती विसरत नाही. रोज संध्याकाळी माझा हात धरून म्हणते, "प्रार्थना कर रे जरा माझ्याबरोबर." आणि मी रोज म्हणतो, "आई, देव आत्ता जेवायला गेलाय, नंतर बघू." ती हसते. पूर्वी जास्त हसायची. आमची ही म्हणते, "अहो, त्यांना तुम्ही ओळखू येताय तोवर तरी करा." मी म्हणतो, उद्या.

असो. पैज.

सोमवारी जिन्यातला दिवा लागला. सहा महिने तो दिवा बंद होता, सगळ्यांनी एकमेकांची वाट पाहून पाहून. आणि अर्जसाहेबांच्या बाहीला चुना लागलेला. मला काय समजायचं ते समजलं. शिंपीदादा खाली येताना दिसला तसा मी अर्जसाहेबांच्या देखत ओरडलो, "शिंपीदादा, मानलं बुवा तुम्हाला! दिवा लावलात!"

"मी कुठे..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. "बघा साहेब, विनय म्हणतात तो हा!"

अर्जसाहेबांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, परत वर गेली. तोंड उघडलं. मी कान टवकारले. "दिवा... चांगला आहे," ते म्हणाले आणि पायऱ्या आपटत वर गेले.

मंगळवारी चर्चच्या फाटकाची करकर थांबली. ती करकर माझ्या लग्नापासूनची. मी जाऊन पाळकसाहेबांच्या कानात हळूच सांगितलं की तेलपाणी शिंपीदादाने केलं. बुधवारी संध्याकाळी शिंप्याच्याच घरी प्रार्थनासभा होती. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले, दिव्याचे आणि फाटकाचेही.

मला वाटलं, आता तरी हा नाही म्हणेल. पण शिंप्याला तोपर्यंत चटक लागली होती. मान खाली घालून म्हणतो कसा, "करतो आपलं जमेल तसं." एवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण त्याने कोणतं तेल वापरलं तेही सांगितलं!

अर्जसाहेबांनी हातातला पाण्याचा पेला गच्च धरला होता. मी मनात म्हटलं, फुटले, फुटले, आत्ता फुटले. पाळकसाहेब म्हणाले, "साहेब, शेवटची प्रार्थना?" ते उभे राहिले. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ..." आणि थांबले. घोटभर पाणी प्यायले. मग चार वाक्यं बोलून चक्क बसले. शिंप्याच्या बायकोने त्यांना घरी जाताना तापाची गोळी दिली.

इकडे आईचं निराळंच चाललं होतं. सोमवारी संध्याकाळी मला म्हणाली, "आज नवा शिकाऊ आला होता."

"कुठे?"

"वॉर्डात. वयाने जरा मोठा आहे. हाताला चपळाई नाही. उशी उलटी लावतो."

मी हसलो. आईच्या डोक्यात वॉर्ड रोजच भरतो. दिवसभर ती खिडकीशी बसते, मी टपरीवर आणि ही लाँड्रीत कामाला. येणाऱ्याजाणाऱ्याला आई हाका मारते, "ए, नवा का तू? इकडे ये." लोक हात हलवून निघून जातात. घराची किल्ली मीटरच्या पेटीमागे खिळ्याला असते, लागलंसवरलं तर शेजाऱ्यांनी आत जावं म्हणून. साऱ्या गावाची कुलपं मी सांभाळतो आणि माझ्याच घराची किल्ली खिळ्यावर. सगळ्या इमारतीला माहीत आहे.

मंगळवारी आई म्हणाली, "शिकाऊ सुधारतोय." बुधवारी म्हणाली, "आज त्याला पाय धुवायला शिकवले. बोटांच्या मधे कोरडं करायचं असतं, तेच विसरला."

गुरुवारी आमची ही घरी आली, आईचं पांघरूण सारखं केलं आणि माझ्याकडे असं बघायला लागली की तसं तिने लग्नानंतर दोनतीनदाच पाहिलं असेल.

"अहो, आईंची नखं कापलीत तुम्ही?"

मी पाहिलं. आईच्या पायाची नखं, जी कापायला मी तीन आठवडे उद्या उद्या करत होतो, ती सगळी नीट कापलेली. कडा घासून गुळगुळीत. टाचांना तेल लावलेलं.

आता सरळ माणूस म्हणाला असता, मी नाही. मी काय म्हणालो? म्हणालो, "हो, मग? आई आहे माझी."

हिने मला ऊन ऊन चहा करून दिला. मी प्यायलो. वर साखर कमी आहे असंही म्हणालो.

शुक्रवारी दुपारी चारला एकाचं कपाट उघडायला जायचं होतं आणि बारीक कानस घरीच राहिली होती. म्हणून घरी आलो. सवयीने मीटरमागे हात घातला, तर खिळा रिकामा. किल्ली नाही.

 दबकत खिडकीशी गेलो आणि पडद्याच्या फटीतून आत बघितलं.

आई खुर्चीत. पाय पाण्याच्या टबात. आणि समोर जमिनीवर, पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत वर केलेले, अर्जसाहेब. खांद्यावर आमचा टॉवेल.

"हळू," आई म्हणत होती. "पेशंट आहे, फाइल नाही."

"हो सिस्टर."

"बोटांच्या मधे."

"केलं सिस्टर."

"दाखव. हं. आता प्रार्थना. थोडक्यात, पेशंट दमलाय."

अर्जसाहेबांनी टॉवेल बाजूला ठेवला, खाकरले आणि सुरू झाले. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वसाक्षी..."

"कोणाला हाक मारतोयस?"

"देवाला, सिस्टर."

"तो काय चौथ्या मजल्यावर राहतो? रोज तेच! घरी वडिलांना अशीच हाक मारायचास का?"

"नाही."

"काय म्हणायचास?"

"...बाबा."

"मग तसं म्हण. आणि आज काय झालं ते सांग. ऐकतो तो."

 मी खिडकीबाहेर तोंडावर हात धरून उभा. हसू पोटापर्यंत आलं होतं आणि डोक्यात रविवारच्या नकलेची तयारीही सुरू झाली होती.

"बाबा," अर्जसाहेब म्हणाले. आवाज वेगळाच होता. चर्चमधला नव्हता. "जिन्यातला दिवा मी लावला. शिंप्याने लावला म्हणतात सगळे. त्याने नाही लावला. मी लावला. फाटकाला तेलही मीच दिलं." त्यांनी टब बाजूला सरकवला. "तुला माहीत आहे ना? ...बरं. मग झालं."

आई म्हणाली, "पुढे?"

"पुढे ते नेहमीचं. आमच्या हिच्याशिवाय घरात करमत नाही, ते तर मी रोज सांगतोच. आणि तो खालचा किल्लीवाला. मला त्याचा फार राग येतो. तो राग काढून घे. आणि त्याच्या आईला सांभाळ, त्यालाही सांभाळ. बाहेरून हसतो तो, पण... तुझं तू बघ. आमेन."

"आमेन," आई म्हणाली. "आज जमलं. उद्या उशी नीट लावायला शिक."

माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही. कानस न घेताच मी परत फिरलो. त्या माणसाला सांगितलं, कपाट उद्या उघडतो. शनिवारी टपरीवर तीन किल्ल्या चुकीच्या कापल्या. तेही एकाच कुलपाच्या. शिंपीदादा विचारायला आला, "काय रे, साहेबांना फोडायचं आज काय काढलंस?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय." सुईत दोरा ओवताना करतो तशी मान तिरकी करून त्याने माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांत माझं डोकं कधी दुखलं नव्हतं, लोकांचं दुखायचं.

रविवार उजाडला. चर्च खचाखच. पैजेची बातमी गल्लीभर गेली होती. जे एरवी सणासुदीलाच दिसतात तेही केस विंचरून हजर. आईची चाकाची खुर्ची पहिल्या बाकाशेजारी नेहमीच्या जागी लावली. बाकावर अर्जसाहेब.

उपासना संपली. पाळकसाहेबांनाही राहवत नव्हतं. "साहेब, ती यादी..."

अर्जसाहेब उभे राहिले. सगळे माना लांब करून बघतायत. शिंपीदादाचा घाम मात्र डोळ्यांत उतरत होता, यादीत दिवा आणि फाटक येणार हे त्याला आत्ता सुचलं होतं.

"यादी नाही," अर्जसाहेब म्हणाले. "केली होती. फाडली."

"का?"

"जरूर वाटली नाही." त्यांनी खिशातून रिकामा हात काढला. "वाचून दाखवायची अट माझीच होती. दाखवायला काही नाही, म्हणजे मी हरलो. वर्षभर नुसतं आमेन. कबूल." आणि खाली बसले.

मंडळींत आधी कुजबुज, मग मागच्या बाकांवर कोणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. तेवीस मिनिटं वाचली होती ना दर रविवारची! लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. शिंपीदादाने माझ्या पाठीवर थाप मारली, "जिंकलास लेका!"

जिंकलो होतो. मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून फायदा होणार होता. आणि त्या पहिल्या बाकावरचा म्हातारा मान खाली घालून बसला होता, उरलेली एकुलती एक गोष्ट देऊन. आई त्याच्या कोपराला हात लावून काहीतरी विचारत होती. बहुधा उशीचं.

मी उभा राहिलो. "पाळकसाहेब, हरलो मी."

"कसा काय?"

"रोज एक काम झालेलं आहे. कोणाला सांगितलेलं नाही. मला माहीत आहे."

"काय काम?" चारी बाजूंनी आवाज आले. "सांग ना!"

आता बघा माझी दशा. अख्ख्या गल्लीतलं सगळ्यांत मोठं गुपित माझ्या जिभेच्या टोकावर, दोनशे कान माझ्याकडे, आणि सांगितलं तर त्या माणसाचे आठ दिवस मातीत. अर्जसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नको, असं म्हणत होते ते डोळे. घाबरले होते बिचारे.

"सांगणार नाही," मी म्हणालो.

"हा? हा सांगणार नाही?" आमची ही मोठ्याने म्हणाली, आणि सगळं चर्च हसलं.

मग मी पुढे गेलो. शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंत अंतर किती आहे ते त्या दिवशी कळलं. समोर उभा राहिलो, डोळे मिटले. एक शब्द येईना. कोणीतरी खोकलं. कोणीतरी खुसखुसलं. त्यांना वाटत होतं, आता हा अर्जसाहेबांची नक्कल करणार. मलाही वाटत होतं की ती आपोआप सुरू होईल. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्याने बोल!" आई पहिल्या रांगेतून ओरडली. "ऐकू येत नाही!"

"तुझ्याशी नाही बोलत, आई!"

सगळं चर्च खो खो हसत सुटलं. पाळकसाहेबही. मीसुद्धा हसलो, आणि हसता हसताच बोलायला लागलो.

"बाबा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. "बरीच वर्षं झाली. मी तुझ्यावर रागावलो होतो, म्हणून थट्टा करत होतो. अजून थोडा राग आहे. आणि ऐक. आईची नखं मी नाही कापली. कापली म्हणालो, वर चहा प्यायलो. कोणी कापली ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मला कोणाला तरी सांगायचंच आहे, नाही तर पोट फुटेल माझं, म्हणून तुला सांगतोय. तेवढं आपल्यात ठेव. आमेन."

डोळे उघडले तर आमची ही माझ्याकडे बघत होती. चहाचं आता काही खरं नव्हतं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून शिंपीदादा उठला. तोंड लाल. "पाळकसाहेब, तसं बघायला गेलं तर... तो जिन्यातला दिवा..."

"बसा खाली दादा," पाळकसाहेब म्हणाले. "समजलं."

"आणि ते तेल..."

"तेही समजलं."

मी आईच्या खुर्चीकडे आलो. अर्जसाहेबांनी बाकावर सरकून मला जागा दिली.  त्यांच्या नाकाचं टोक लाल होतं. आईने मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, जसं ती वॉर्डात नव्या माणसाला न्याहाळायची. मग अर्जसाहेबांच्या कानाशी वाकली. वाकली म्हणजे काय, तिचं कुजबुजणं गेटपर्यंत ऐकू जातं.

"हा कोण रे? हा पण नवा का?"

"हो सिस्टर," अर्जसाहेब म्हणाले. "नवीनच आहे."

"हात जड आहेत," आई म्हणाली. "पण प्रार्थना थोडक्यात केली. उद्या चारला पाठव त्याला."